निलगिरीची नक्कल

बोन्साय शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फांदी आडवी हवी आणि झाडाचा घेर वर निमुळता होत गेला पाहिजे. त्यामुळे नांदेडात त्यांच्याकडे शिकलेल्या आम्हा सगळ्याजणींच्या गच्च्यांवर एकाच साच्यातली झाडं होती. वड असो नाहीतर जांभूळ, तार गुंडाळली की मुकाट्याने आडवं व्हायचं. निलगिरीने मात्र मला दाद दिली नाही. वाकवलेली फांदी ती सरळ वाळवून टाकायची आणि भलतीकडूनच कोंब काढायची. हट्टीपणात आम्ही दोघी तोडीस तोड होतो.

मग मी मोकळी वाढलेली निलगिरी बघायला लागले. हिमायतनगरजवळ माझं माहेर. तिथे आमच्या शेताच्या बांधावर एक होती. कुणी लावलेली नव्हती. कालव्याकडच्या झाडांचं बी उडून आलं असावं. कधीतरी वादळात तिचा शेंडा मोडला होता आणि बाजूची एक फांदी उठून त्याच्या जागी बसली होती. खालच्या फांद्या तिने स्वतःच टाकून दिल्या होत्या, त्यांच्या नुसत्या गाठी राहिल्या होत्या. पानं काय ती टोकाला, झुबक्याझुबक्यांनी लोंबणारी. मधे आभाळच जास्त. घरी येऊन मी कुंडीतल्या झाडाच्या तारा सोडल्या, आडव्या फांद्या काढल्या, शेंडा छाटला आणि बाजूच्या एका कोंबाला वर जाऊ दिलं. ते झाड तेव्हापासून धरलं.

पुढे हिमायतनगरची खेप ठरूनच गेली. बांधावर बसायचं, झाड कागदावर उतरवायचं आणि घरी येऊन तसं छाटायचं. हिला झाडांचं वेड लागलंय, असं घरचे म्हणायचे. ते पूर्ण खरं नव्हतं. आई-वडील गेल्यावर माहेरी जायला निमित्त लागतं. जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडून दिला, आमच्याकडे बहिणी साडीचोळी घेऊन देतात तसाच. त्याचं मला दुःख नाही. पण त्यानंतर उगाच उठून गेलं की गावातलं कुणीतरी विचारतंच, कशी काय आलीस? झाडामुळे त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

भावाला खरं तर बांधावरचं ते झाड नकोच होतं. त्याच्या सावलीत सोयाबीन धरत नाही, मुळं पाणी ओढतात, असं तो म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. "तुझ्यामुळं ठिवलंय, अक्का," असंही म्हणायचा. ऊन उतरलं की तो माझ्याशेजारी येऊन बसायचा. भावजय चहा तिथेच आणायची. आम्ही फारसं बोलायचो नाही, पण मला ते बसणं फार आवडायचं.

यंदा उन्हाळ्यात माझा गुडघा धरला आणि जाणं राहिलं. फोनवर मी भावाला म्हणाले, "बाकी काही नाही रे, झाड बघायला येता येत नाही, एवढंच वाईट वाटतं."

त्याच आठवड्यात एका सकाळी दारात पिकअप उभी राहिली. मागे बांधावरच्या निलगिरीचा बुंधा होता, जेसीबीने उपटलेला, मुळांना ओली पोती गुंडाळलेला. गाडीत मावेनात म्हणून सगळ्या फांद्या तोडल्या होत्या. शेंड्याच्या जागी बसलेली ती फांदीसुद्धा.

भाऊ घामाने निथळत होता, पण चेहरा फुललेला. "मुळासकट आनलंय बघ, अक्का. आता कर याचं बोन्साय."

एवढं मोठं झाड कुंडीत जात नसतं, मला ते नुसतं बघायला हवं होतं, हे सगळं ओठांवर आलं. पण मुळं सुकू नयेत म्हणून तो वाटेत थांबून थांबून पोत्यांवर पाणी मारत आला होता.

"लई हाल झाले तुझ्या पायाचे," तो मायेने म्हणाला. "आता तुला तिकडं यायचं काम न्हाई."

मी मान डोलावली आणि त्याच्यासाठी भाकरी टाकायला आत गेले.