आकडे टाइप करून एंटर दाबा

आमच्या वडूजच्या दुकानात काउंटरवर एक बरणी आहे. माऊस बिघडून जातो, त्याचा यूएसबीत खोचायचा डोंगल मागे राहतो. असे बेवारस डोंगल आम्ही त्या बरणीत टाकतो. फेकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. किस्स्यांचंही तसंच होतं बघा! लॅपटॉप दुरुस्त होऊन घरी जातो आणि किस्सा दुकानातच राहतो.

दुकान माझं आणि सलीमचं. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. बिनवायरचे कीबोर्ड-माऊस लॅपटॉपमधल्या ब्लूटूथला जोडून देणं हे सलीमचं रोजचं काम. पण स्क्रीनवर 'कनेक्टेड' आलं की दर वेळी तो म्हणणारच, "सुभानअल्ला!"

मी चिडवतो, "लेका, रोज तेच तर बघतोस!"

"गड्या, मधी काय बी न्हाई रं! नुसती हवा! आन् तरी पोचतंय!"

वरून हसतो, पण खरं सांगू? मलाही आतून तसंच वाटतं.

*

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाले तात्या माऊस घेऊन आले. नवाकोरा माऊस, आदल्या दिवशीच नेलेला. पाना, जॅक, काटा यांच्या रांगेत मांडून त्याचीही साग्रसंगीत पूजा झालेली.

"कनेक्ट हाय म्हणतंय, पण जागचं हलत न्हाई," तात्या म्हणाले.

सलीमनं माऊस उलटा केला. खालचं भोक हळद-कुंकवानं गच्च भरलेलं!

"तात्या, आवं हितं कुठं कुकू लावलं?"

"मंग कुठं लावायचं? उलटा क्येला तर आत लाल दिवा पेटल्याला दिसला. म्हणलं, देव हितंच हाय!"

सलीमनं कापसाच्या काडीनं सगळं साफ केलं. बाण पळायला लागला. तात्यांनी दुकानातच चप्पल काढून पुन्हा हात जोडले.

*

आटपाडीच्या दोन भावांची वाटणी झाली. भांडीकुंडी, खुर्च्या, सगळं बरोब्बर अर्धं अर्धं. लॅपटॉप कसा कापणार? मग पंचांनी लॅपटॉप धाकट्याला दिला आणि त्याचा बिनवायरचा कीबोर्ड नि माऊस थोरल्याला! घराच्या मधोमध भिंत घातली, बोलणं बंद.

थोरल्यानं पुढं आमच्याकडून नवा लॅपटॉप नेला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "कीबोर्डचा दिवा लागतोय, पण अक्षर उमटत न्हाई."

उमटत होतं, पण भिंतीपलीकडं! कीबोर्डच्या लेखी त्याचं घर अजून जुना लॅपटॉपच होतं. इकडं थोरला बटणं बडवतोय आणि तिकडं धाकट्याच्या स्क्रीनवर अक्षरं सांडतायत. धाकट्याच्या बायकोनं लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधली.

मी फोनवर समजावत होतो, तेवढ्यात फोनमध्ये थोरल्याच्या मागून आवाज आला. धाकटा त्याच्या उंबऱ्यात उभा होता.

"दादा, तुझं टायपिंग माझ्याकडं येतंय."

भिंत घातल्यापासून दोघांमधलं हे पहिलं वाक्य! पुढं चहा झाला म्हणे. सलीम त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत "सुभानअल्ला" म्हणत होता.

*

एकदा जवळच्या औंध गावच्या काकू आल्या. हातात पिशवी, कपाळभर घाम.

"दादा, बिनवायरचा कीबोर्ड लांबनं चालतो का? पडल्या पडल्या?"

त्यांचे मालक, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी सिग्नलमध्ये, बिनतारी यंत्रावर. आता लकव्यानं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. पुण्याचा मुलगा रविवारी येऊन सोमवारी त्यांना तिकडच्या एका संस्थेत ठेवायला नेणार होता.

"पोरगं म्हणतंय, आबास्नी आता काय बी कळत न्हाई, हितं काय आन् तिथं काय. मी म्हणती, कळतंय. डोळ्यावरनं कळतंय मला! पण माझं कोन ऐकणार? त्यांची बटणांवरची बोटं जलमभराची हायत. डावा हात हलतोय अजून."

मी कीबोर्ड बाजूला काढून ठेवला. रविवारी आम्ही दोघं येतो म्हणालो. तोंडानं येतो म्हणालो खरं, पण मनातून मलाही मुलाचंच खरं वाटत होतं.

*

त्याच आठवड्यात माणच्या एका शाळेतल्या गुरुजींनी माऊसचे सेल चक्क पत्र्यावर उन्हात वाळत घातले! पूर्वी टॉर्चचे घालायचे तसे. "आवं गुरुजी, असं कुठं असतंय का?" असं मी फोनवर म्हणेपर्यंत तिकडून पोरांचा ओरडा ऐकू आला. चालला की हो! तास संपेपर्यंत चालला!

आता मी कुणाला काही चालणार नाही असं सांगायचं सोडून दिलंय.

*

तर रविवारी औंधला गेलो. आबा कॉटवर उशांना टेकून बसवलेले, नजर समोर. मुलानं आपला जुना लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवला होता. कॉटच्या पायथ्याशी उभा राहून तो मोठ्यानं आम्हाला सांगत होता, "हे सगळं आईच्या समाधानासाठी. आबांना काही समजत नाही. उद्या सकाळी गाडी येतेय, तिथं निदान नीट बघतील तरी."

मुलगा वाईट नव्हता. डोळे सुजले होते त्याचे.

सलीमनं कीबोर्ड आबांच्या मांडीवर ठेवला आणि दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरलं. मी लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ चालू केलं, कीबोर्डचं नाव आल्यावर त्यावर क्लिक केलं. टीव्हीवर भलामोठा चौकोन आला. त्यात सहा आकडे, आणि खाली सूचना : हे आकडे कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबा.

"सलीम, टाक रं," मी म्हणालो. सलीम चष्मा शोधत खिसे चाचपत होता.

टक.

मी वळून बघितलं. सलीमचे दोन्ही हात खिशात होते.

टक. टक.

आबांचं डावं बोट. एकदा नजर टीव्हीवर, एकदा खाली कीबोर्डवर. मधे बोट थांबलं. मुलगा कॉटजवळ सरकला. बोट पुढं सरकलं. टक. टक. टक.

मग हात सगळा कीबोर्ड ओलांडून, थांबत थांबत, पार उजव्या कडेला गेला. एंटर.

टीव्हीवर आलं : कनेक्टेड.

सलीमनं खिशातून हात काढून आबांना सलाम केला. मुलगा कॉटच्या कडेला आबांजवळ बसला. काकूंनी पदरानं आबांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि मुलाकडं वळून म्हणाल्या,

"आता इचार त्यास्नी, जायाचं हाय का म्हणून."