ताकतीच्या पुड्या

कुमुदबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होतो. फोन त्यांच्या भाच्याचा होता, पुण्याहून. "काका, मावशी पहाटे गेली," एवढंच बोलला. मी 'बरं' म्हणालो, गिऱ्हाइकाला दिवसातून तीनदा एकेक चमचा असं समजावून सांगितलं आणि शटर ओढून घेतलं. त्याला आता दीड महिना झाला. मध्ये आमच्या परतुरात शोकसभाही झाली. हयातीत त्यांच्या दवाखान्याची पायरी चढताना 'कुणी बघत तर नाही ना' म्हणून जे मागं वळून पाहायचे, तेच व्यासपीठावर बसून बोलले. एकजण म्हणाला, बाई सदैव हसतमुख असायच्या. मी तिथं गप्प बसलो, माणूस गेल्यावर तमाशा नको म्हणून. पण इथं लिहितो : डॉक्टर कुमुदबाई हसतमुख बिलकुल नव्हत्या. तापट होत्या, टोचून बोलायच्या, आणि शेवटची काही वर्षं तर कुणी कौतुक करायला लागलं की उठून आत जायच्या. का, ते सभेतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे.

त्यांचे वडील तहसिलीत कारकून होते. बाई औरंगाबादला मुलांच्या डॉक्टर झाल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला परत गावात आल्या. सगळ्यांनी वेड्यात काढलं. त्यांचा दवाखाना आणि माझं मेडिकल यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला एक दार. वीसेक वर्षं त्या दारातून आमचं भांडण, चहा आणि औषधं चालली. हगवण, गोवर, टायफॉइड, जे लेकरू येईल त्याचं वजन, ताप, गाव, घरात पाणी कुठलं, सगळं बाई एका वहीत उतरवायच्या. एकदा आष्टीकडून गोवराची मुलं फार यायला लागली, तर बाई बाजाराच्या दिवशी तिथं जाऊन आयांना गाठून विचारत बसल्या. मी म्हटलं, याला काय म्हणायचं? त्या म्हणाल्या, "संशोधन म्हणायचं, भाऊ. तेच ते चार वेळा विचारायचं आन् चारी वेळा लिहून ठेवायचं. दुसरं काय असतंय त्यात?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अशी मुलं यायला लागली जी कशानंच बरी होईनात. तोंडात पांढरं, अंगावर फोड, जुलाब थांबत नाहीत, आणि बाप आधीच गेलेला. बाई रक्त तपासायला पाठवायच्या आणि कागद आला की घडी करून खिशात घालायच्या. अशा पहिल्या घराला त्यांनी खरं ते सांगून टाकलं, भोकरदनकडच्या. आठ दिवसांनी धावडा गावाला जाताना वाट वाकडी करून त्या घरी गेल्या, तर लेकरू गोठ्यात, वेगळ्या ताटलीसकट. ते दोन महिने जगलं. त्यानंतर एचआयव्ही हा शब्द बाईंच्या तोंडून घरच्यांसमोर जल्दी निघायचा नाही.

पुढं औषधं निघाली, मोठ्या माणसांची. लहान मुलांसाठी गोळी नव्हतीच. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून मोठ्यांच्या गोळ्या यायच्या. बाई लेकराचं वजन करून हिशोब मांडायच्या, मी गोळी तोडून खलात घोटायचो आणि पुड्या बांधायचो. माझे वडील जुने कंपाउंडर, त्यामुळं पुडी बांधायला मला शिकायची गरज नव्हती. तरी बाई डोक्यावर उभ्या. "हात हलका ठेवा. हा मसाला न्हाई." सगळी पूड एकसारखी झाली पाहिजे, वाटा कमीजास्त होता कामा नये, यावरून आमची रोज बोलाचाली व्हायची.

आता मुक्ताचं सांगतो. नाव बदललंय, गावाचं लिहीत नाही. सहा वर्षांची पोर. आई-बाप दोघंही गेलेले, सांभाळायला आजी. घर चुलत्याचं, त्याला दोन मुलगे. चुलत्यानं बाईंना सरळ विचारलं, "तो रोग असल तर आत्ताच सांगा. मंग मी पोरीला घरात ठेवणार न्हाई." बाई उठून आमच्या मधल्या दारापाशी आल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. तेव्हा मी म्हणालो... हो, मीच म्हणालो, "रक्त कमी हाय म्हणून सांगा. पुडीवर मी 'ताकतीचं औषध' लिहितो." बाईंना ते पटलं नाही. डॉक्टरनं खोटं बोलू नये, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग गोठ्यात जाऊ द्या. बाई परत चुलत्यासमोर गेल्या आणि 'रक्त कमी आहे' म्हणाल्या. सगळ्या पुड्यांवरचं अक्षर माझं आहे.

रिकामा कागद परत आणल्याशिवाय पुढची पुडी मिळणार नाही, हा बाईंचा नियम होता. आजी सगळे कागद नीट घडी करून रुमालात बांधून आणायची, एकही कमी नसायचा. मुक्ता आली की आपणहून काट्यावर चढायची. आकडे ती त्या काट्यावरच शिकली. सुरुवातीला वजन वाढलं तर मला भिंतीपलीकडून ओरडून सांगायची. मग वाढायचं थांबलं. मग काटा मागं यायला लागला, आणि ती आकडा न सांगता आमच्या तोंडाकडं बघायची. कागद तर बराबर होते. बाई माझ्यावर घसरल्या : तुमची घोटाई कच्ची, तुमचा खल ओला. मी म्हटलं, पोरगी म्हणून पुड्या उकिरड्यावर टाकत असतील, जगाची रीत माहीत न्हाई का तुम्हाला? तीन-चार महिने आम्ही एकमेकांना असं टाकून बोललो.

मग एक दिवस आजी थोरल्या नातवाला घेऊन आली. त्याच्या अंगभर लाल पुरळ उठलं होतं. बाईंनी शर्ट वर करून पाहिला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. तसं पुरळ त्या औषधानं उठतं, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं.

"याला काय दिलं?"

"काईच न्हाई. तेच आपलं ताकतीचं."

"मुक्ताचं?"

"व्हय. एका ताटात जेवणारी तीन लेकरं, बाई. एकीलाच ताकतीचं देऊन बाकीच्या दोघांच्या तोंडाकडं कसं बघू? गुळात कालवते, तीन गोळ्या करते, बराबर सारख्या. पयली मुक्तीला देते, बिनमायबापाची हाय म्हणून."

मी दारात उभा होतो. आम्ही गुंजभर फरक पडू नये म्हणून महिनोन्‌महिने भांडलो, आणि म्हातारी तितक्याच नेकीनं त्या पुडीचे तीन वाटे करत होती. बाईंनी पोराचा शर्ट खाली केला आणि म्हणाल्या, "आता पोरांचं बंद करा. त्यांच्यात ताकद पुष्कळ हाय." आजी खुशीनं गेली. बाई माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. "म्हातारीची काही चूक हाय का, भाऊ?" मी म्हटलं, न्हाई. "मंग कोणाची?" मी काच पुसत राहिलो.

अपुरं औषध पोटात गेलं की रोग त्याला सरावतो. मग पूर्ण दिलं तरी उपयोग होत नाही. दुसरी औषधं होती, पण लहान मुलांसाठी आमच्याकडं ती मिळत नव्हती. बाईंनी पत्रं लिहिली, औरंगाबादला खेपा घातल्या. आठ महिन्यांनी मुक्ता न्यूमोनियानं गेली. शेवटच्या वेळी तिला काट्यावर उभं धरायला मी गेल्तो.

त्यानंतर शहरातल्या तज्ज्ञांनी बाईंकडं मुलांच्या नोंदी मागितल्या, लेखात घालायला. नमुन्यात एक रकाना होता, उपचार फसण्याचं कारण. त्यांनी तिथं 'पालकांचा निष्काळजीपणा' असं सुचवलं. बाईंनी ते खोडून लिहिलं : 'औषध घरातील तीन मुलांत समान वाटले गेले. काय औषध आहे ते डॉक्टरने सांगितले नव्हते.' कागद परत आला, असं लिहिता येत नाही म्हणून. बाईंनी पुन्हा तेच लिहून पाठवलं. शेवटी ती नोंद वगळून लेख छापला गेला. लेखात बाईंचं नावही नव्हतं. शोकसभेत त्याच लेखाचं कौतुक झालं, बाईंच्या नोंदींनी जिल्ह्याचं नाव मोठं केलं म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षांची पोर कागदावरून पुसायची आणि वर हार घालायचा, हे शिकलेल्या लोकांनाच जमतं.

त्यापुढं बाईंचा पहिला प्रश्न ठरून गेला, "घरात लेकरं किती?" जितकी असतील तितक्यांना काहीतरी द्यायचं. आजारी लेकराला खरं औषध, बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या नावाची टॉनिकची बाटली. शहरातून आलेले एक साहेब हसले होते, धडधाकट पोरांना टॉनिक कशाला? बाईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. खरं सांगायचं की नाही, याचं उत्तर मात्र त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. काही घरांना सांगितलं, त्यातली काही लेकरं शाळेतून काढली गेली. काहींना नाही सांगितलं. दोन्ही वेळा त्या जेवल्या नाहीत. माझ्या मांडणीवरचा खालचा खण अजून त्या टॉनिकचाच आहे. ताप-खोकल्याचं औषध न्यायला कुणी आलं तरी माझ्याही तोंडून आधी तोच प्रश्न निघतो, आणि लोक चमकून बघतात.

गेल्या सोमवारी आजी दुकानात आली. खूप वाकलीय. बाई गेल्याचं तिला उशिरा कळालं होतं. तिला वाचता येत नाही म्हणून मी हे लिहू शकतो. ज्यांना वाचता येतं आणि ती कोण हे ज्यांच्या ध्यानात येईल, त्यांनी मेहरबानी करून तोंड बंद ठेवावं. पाणी पिऊन ती म्हणाली, "बाईला एक इचारायचं व्हतं, ऱ्हाऊनच गेलं. म्या एक दिस चुकवला न्हाई, एक पुडी सांडली न्हाई. तरी माझी मुक्ती का गेली वो?"

बाईंनी जे तिला कधी सांगितलं नाही ते मी कसं सांगू... मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं न्हाई, आजी. औषधच कमी पडलं."

"कमी पडलं व्हय?" तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मंग मला सांगायचं की. अजून मागून नेलं असतं मी. बाईनं दिलं असतं."

मी म्हणालो, हो, दिलं असतं.