चौथी शेणी

दवाखान्यात मोठ्या माणसांच्या वजनाचा एकच काटा होता, आणि तो गरोदर बायांसाठी होता. दर सोमवारी सकाळी, कुणी यायच्या आत, मी दार आतून लावून चपला काढून त्याच्यावर उभा राहायचो. खिशातल्या किल्ल्यासुद्धा काढून ठेवायचो. पहिल्या सोमवारी काटा चौऱ्याण्णववर थांबला. मी उतरलो, परत चढलो. तो परत चौऱ्याण्णववरच.

मी सातवी पास. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. मुलूख कोल्हापूरकडचा, आणि नोकरी लागली ती जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा दवाखान्यात, परिचर म्हणून. परिचर म्हणजे झाडलोट करायची, सुया उकळायच्या, केसपेपर काढून द्यायचे, आणि सिस्टर पाड्यांवर निघाल्या की मुलांचा टांगायचा वजनकाटा झोळीसकट खांद्यावर घेऊन त्यांच्या मागं चालायचं. सातवी पास माणसाला सरकारनं बोलावून काम दिलं याचं मला इतकं अप्रूप होतं, की पहिलं वर्षभर मी दवाखान्याच्या पायरीला हात लावून आत जात होतो. कुणी बघत नाही ना, हे आधी पाहून.

पण नोकरी कच्ची होती. पक्क्या ऑर्डरसाठी जव्हारच्या मोठ्या दवाखान्यात शरीराची तपासणी व्हायची होती. तिथल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. म्हणाले, "वय काय तुमचं? एवढ्या वयात एवढं ब्लडप्रेशर? सहा महिन्यांनी या. वजन उतरवा. तेव्हाही असंच निघालं तर मला सही करता येणार नाही, आधीच सांगतो."

सही नाही तर ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही तर परत गावाकडं. माझी बायको तान्ह्या मुलीला घेऊन तिच्या माहेरी बसली होती. ऑर्डर झाली की न्यायला येतो, असं मी तिला सांगून आलो होतो. पत्रात ती दुसरं काही विचारत नसे. शेवटच्या ओळीत फक्त लिहायची, 'तब्येतीला जपा.' मला त्यातही ऑर्डरच दिसायची.

म्हणून दिवाळी झाल्यावर मी चालायला लागलो. उजाडताना निघायचं, डांबरी रस्त्यानं घाटाच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या दिवशी वळण लांबच राहिलं, मी मोरीवरच बसलो. त्या दिवसांत भातकापणी उरकून माणसं कामाला बाहेर निघत. डोक्यावर बोचकी, काखेत मुलं, वीटभट्टीच्या ट्रकची वाट बघत फाट्यावर बसलेली. मी त्यांच्यासमोरून जायचो आणि रिकाम्या हातानं परत यायचो. चौथ्या का पाचव्या दिवशी त्यांच्यातला एक जण उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, काय हरवलाय का? सांग, आम्ही पण बघतो."

मी म्हणालो, "काही हरवलं नाही."

"मग रोज काय शोधतूस?"

अंगावरचं मांस उतरवायला चालतो, हे त्या माणसांना कुठल्या तोंडानं सांगणार?

दवाखान्यात मात्र सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. आमचे क्लार्कभाऊ आणि जीपचे ड्रायव्हर, दोघांची जोडी. माणसं वाईट नव्हती. पण दुपारी दवाखाना रिकामा झाला की त्यांना काहीतरी लागायचं, आणि मी समोरच असायचो. मी जाडा होतो तेव्हा ड्रायव्हर म्हणायचे, "पावणं, जरा मधोमध बसा, जीप एका अंगाला चालली." माझ्या बोलण्याची नक्कल करून म्हणायचे, "लई जेवलासा काय?" ते मी हसून घ्यायचो. एकदा पाड्यावरच्या मुलांना द्यायच्या खाऊची पोती मी आत ठेवत होतो, तेव्हा क्लार्कभाऊ म्हणाले, "इथल्या पोरांच्या अंगाला खाऊ का लागत नाही, ते आता कळलं बुवा." त्या दिवशी मला हसता आलं नाही. त्या पोत्यातली चिमूटसुद्धा मी कधी तोंडात टाकली नव्हती. पण तसं म्हणालो असतो तर ते म्हणाले असते, बघा, लागलं याला. म्हणून मी पोती नीट रचून ठेवली आणि कोपरा झाडून घेतला.

संक्रांतीपर्यंत पँट कमरेला ढिली झाली. मला वाटलं, आता बोलणं थांबेल. ते नुसतं फिरलं.

"गाल कुठं गेले हो? टीबीची गोळी चालू केली का?"

"टीबी कसला? बायको कोल्हापुरात आणि हे इथं. झुरतायत."

"तपासून घ्या बाबा रक्त. हल्ली कसले कसले आजार निघालेत."

या शेवटच्या बोलण्यानं मी दोन रात्री झोपलो नाही. मला कसलीही शंका असण्याचं कारण नव्हतं, तरी झोपलो नाही. मी तसाच आहे. कुणी म्हटलं की तुमच्या पाठीवर पाल आहे, तर मी नसलेली पाल झटकत बसतो. एकदा एक उत्तर ठरवून, वाटेत चारदा घोकून गेलो. "तुम्हीही चाला माझ्याबरोबर, म्हणजे कळेल." पण त्यांच्यासमोर गेल्यावर तोंडातून निघालं, "चहा आणू का?"

आता त्या कार्डाचं सांगतो.

मुलांच्या वजनाची कार्डं आमच्याकडे यायची. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर किलो, आणि मध्ये वाकड्या पट्ट्या. वरची पट्टी चांगल्या मुलांची. तिच्याखाली पहिली श्रेणी, दुसरी, तिसरी, आणि सगळ्यात खाली चौथी. त्या भागात काही वर्षांपूर्वी वावर-वांगणीकडं कुपोषणानं मुलं दगावली होती, आणि तेव्हापासून हा शब्द न शिकलेल्या आईच्याही तोंडी बसला होता. मूल चौथ्या श्रेणीत गेलं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

छपाई पुसट झालेलं एक कार्ड मी स्वतःसाठी ठेवलं होतं. त्यावर माझं वजन मावत नव्हतं, म्हणून मी युक्ती केली. ऐंशी मनात धरायचे आणि वरचे तेवढे मांडायचे. चौऱ्याण्णवचे चौदा. महिन्याच्या जागी आठवडा. दर सोमवारी एक ठिपका, आणि ठिपक्याला ठिपका जोडायचा. नाव लिहिलं नव्हतं. लाज वाटली. ठिपके चौदावरून तेरा, बारा, दहा, आठ असे उतरत गेले आणि होळीच्या सुमाराला सहावर आले. माझ्या आयुष्यात मी चिकाटीनं केलेलं ते पहिलंच काम असेल. कार्ड मी केसपेपरच्या गठ्ठ्याखाली ठेवायचो. एका सोमवारी गडबडीत ते मुलांच्या कार्डांत गेलं.

त्या दिवशी मुलांची तपासणी होती. ओसरीत बाया मुलांना घेऊन बसल्या होत्या. सिस्टर कार्डं चाळता चाळता एकदम उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"हे कुणाचं बाळ आहे? चौदा किलोवरून सहा किलो! इतके महिने रेघ खाली चालली आहे आणि मला कुणी सांगितलं नाही? नाव का नाही यावर? पाडा कुठला?"

त्या बाईनं कितीतरी मुलं हातात घेतलेली होती, आणि त्यांना खरंच वाटलं होतं की आपल्या डोळ्यांआड एक मूल चाललं आहे. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. गप्प बसलो असतो तर त्यांनी जीप काढून पाडे पालथे घातले असते.

"सिस्टर," मी म्हणालो, "ते बाळ मी आहे."

मग मी ऐंशीचा हिशोब सांगितला, आणि क्लार्कभाऊ टेबलावर हात आपटून हसायला लागले.

"अहो, चतुर्थ श्रेणी कर्मचारी चौथ्या श्रेणीत गेला! ड्रायव्हर, ऐकलंत का? आपला पावणा चौथ्या श्रेणीत! दाखल करून घ्या, खाऊ चालू करा!"

ड्रायव्हरही हसले. सिस्टर खुर्चीत बसल्या, त्यांनी डोळे पुसले आणि मग त्याही हसल्या. ते सुटल्यासारखं हसू होतं, त्याचा मला राग आला नाही. ओसरीतल्या बाया मात्र हसल्या नाहीत. त्यांना सगळा हिशोब कळला नसावा. त्यांनी एवढंच ऐकलं, चौथी श्रेणी, आणि माझ्याकडे बघितलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक आजी आल्या. नातवाला घेऊन नेहमी यायच्या, आज एकट्याच होत्या. त्यांचा पाडा दोन टेकाडांपलीकडे. त्यांनी ओसरीत बसून फडक्याची गाठ सोडली आणि मला हाक मारली.

"दादा, ये. तू चौथी शेणीत गेलास ना?"

आमच्या कोल्हापूरकडं शेणी म्हणजे शेणाची गोवरी. चुलीत घालतात, आणि माणसाला शेवटचं पोचवतात तेही शेणींवरच. ही म्हातारी काय म्हणते आहे? माझ्यात तिला काय दिसलं? मग उमगलं, की तिला श्रेणी म्हणायचं आहे.

फडक्यात नागलीच्या दोन भाकरी होत्या, खुरासणीची चटणी आणि उकडलेलं एक अंडं. नागली म्हणजे आपली नाचणी, आणि खुरासणी म्हणजे कारळं.

"आजी, मला काही झालेलं नाही. मीच मुद्दाम वजन उतरवतोय."

"आसा कोण उतरवील? खा."

दारातून क्लार्कभाऊ म्हणाले, "चला पावणं, खाऊ आला तुमचा!"

आजींनी मान वळवली. आवाज जराही चढला नाही. "सायब, हसू नको. माझे घरात पयला पोर चौथी शेणीत व्हता. आम्हाला ठावं नाय, चौथी म्हंजे काय. आम्ही बी हसत व्हतों, बारीक हाये, नाजूक हाये म्हणून. तो गेला. ह्या दुसऱ्याला सिस्टरबायनी वर आणला." मग माझ्याकडे वळून, "तुझी आयस लांब हाये. इथं तुला कोण बघील?"

क्लार्कभाऊ आत गेले. त्यांच्या खुर्चीचा आवाजसुद्धा झाला नाही.

तपासणीला पंधरा दिवस उरले होते. मी भाकरी मोजून खात होतो, मीठ सोडलं होतं, आणि त्या चटणीत मीठ चांगलंच होतं. पण त्या घरात अंडं कुणाच्या तोंडचं असेल ते मला दिसत होतं. म्हणालो, "अंडं नातवाला न्या."

"त्याला ठेवलाय एक. ह्यो तुझा."

मी खाल्लं. सगळं. घास गिळताना नाक वाहत होतं, आणि मी चटणी तिखट आहे असं म्हणत होतो. आजी शेवटचा घास होईपर्यंत बसून राहिल्या आणि मग फडकं झटकून गेल्या. पुढच्या सोमवारी कार्डावरचा ठिपका अर्ध्या किलोनं वर चढला. मी तो खोडला नाही.

त्यानंतर माझ्या वजनावर दवाखान्यात कुणी बोललं नाही. कुणी माफी मागितली असंही नाही. तपासणीच्या दिवशी ड्रायव्हर जव्हारला औषधं आणायला निघाले होते, त्यांनी मला जीपमधून नेलं. मोठ्या दवाखान्याच्या बऱ्याच अलीकडे, झाडाखाली त्यांनी जीप थांबवली. म्हणाले, "इथंच बसा दहा मिनिटं. तुम्ही घाबरता, आणि घाबरलं की ते वाढतं म्हणे. आम्ही काही बोलत नाही." आणि खरंच, ते दहा मिनिटं गप्प बसले. मी त्यांना एवढा वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मी खिशातून काढलेल्या कार्डाकडे त्यांनी पाहिलंच नाही. सही केली.

ऑर्डर हातात पडली त्या रविवारी, बायकोला पत्र टाकून, मी चालत आजींच्या पाड्यावर गेलो. दोन्ही टेकाडं चढलो, आणि वर पोचेपर्यंत कुठं बसलो नाही. आजी अंगणात होत्या, नातू त्यांच्या पायाशी माती उकरत होता. मी सांगितलं, "आजी, काम पक्कं झालं. आता बायको-मुलगी येतील इथं. तब्येतही चांगली आहे, डॉक्टरनी लिहून दिलं."

त्यांना लिहून दिलेल्याशी कर्तव्य नव्हतं. त्या जवळ आल्या, सिस्टर मुलांचा दंड मोजतात तसा माझा दंड दोन्ही हातांच्या बोटांत धरून बघितला, आणि बोटं पुरली नाहीत तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"भरलाय," त्या म्हणाल्या. "बस. भाकर टाकते."