उजवीकडे कललेली बोट

आधीच सांगते, भूतबित, झपाटणं, अंगात येणं यातलं मला काही पटत नाही. महाल भागात आमच्या शेजारी कुणाच्या अंगात आलं की मी खिडकी लावून घ्यायची. या सदरातले अनुभव वाचून पुष्कळदा हसलेही आहे. म्हणूनच स्वतःचं लिहायला इतकी वर्षं लागली...

गोष्ट मध्यप्रांताच्या काळातली, दुसरी लढाई लागायच्या थोडी आधीची. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. मी दुसरेपणावर दिलेली. ह्यांची पहिली बायको, यमुना, तापाने गेली होती. आमच्याकडची रीत अशी की दुसरीने पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, आणि नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवून मग आपण नेसायचं. सासूबाईंनी लग्नाच्या दिवशीच तो माझ्या गळ्यात अडकवला. म्हणजे कुठलाही सण असो, आधी तिचा मान, मग माझा. जिवंत सवत असती तर दोन शब्द भांडता तरी आलं असतं. हे तिचं नाव कधी काढत नसत, आणि त्याचाच मला जास्त जाच. बोलत नाहीत म्हणजे मनात आहे, असं मी धरूनच चालले होते.

कामठी छावणीतला ह्यांच्या ओळखीचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याची सहलीची बोट होती – पांढरी, हिरव्या झडपांची, आत छोटी केबिन, टपावर वेताच्या दोन खुर्च्या. जाण्याआधी महिनाभर ती त्याने ह्यांना वापरायला दिली.

"चाल, दसरा झाला का कामठीहून मार्कंड्याच्या देवळापर्यंत पाण्यानं जाऊ," हे म्हणाले. "आधी कन्हान, मंग वैनगंगा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. घरातल्या प्रत्येक भांड्याला, प्रत्येक खुंटीला तिचा हात लागलेला. बोटीला नाही. हा प्रवास माझा एकटीचा. निघायच्या दिवशी ह्यांनी आणलेलं नवं लुगडं मी टाकाला न दाखवताच नेसले. बोटीत शिरल्यावर तो गळ्यातून काढला, साखरेच्या डब्यात खुपसला आणि झाकण घट्ट लावलं. बस म्हटलं इथेच.

कन्हानचा पूल मागे पडला न पडला तोच आमचा नावाडी, सोनबा ढिवर, केबिनच्या दारात आला.

"बाई, उजव्या अंगाले काय ठेवलं जी? नाव कलून राहिली."

उजवीकडे काहीच नव्हतं. त्याने पाण्याचा माठ डावीकडे नेला, मग ट्रंक, मग तांदळाची गोणी. बोट उजवीकडेच.

"पाणी शिरलं असन," हे म्हणाले.

सोनबाने फळ्या उचलून पाहिल्या. तळ कोरडा ठणठणीत.

"एका मानसाचं वजन हाये जी," तो म्हणाला. "जनम गेला नाव हाकता हाकता. वजन समजते मले."

टपावर उजव्या खुर्चीत मी बसले की बोट आणखीच कलायची. म्हणून बॅलन्स राखायला मला डावीकडे पेटीवर बसवलं. म्हणजे ह्यांच्या उजवीकडची खुर्ची – पूजेला बायको बसते ती जागा – रिकामी, आणि मी पलीकडे पेटीवर. चार दिवस असेच गेले. हे सारखे उजवीकडे पाहायचे.

"काय पाहून राहिले?"

"नदी."

नदी डावीकडेही होती.

पाचव्या दिवशी सकाळी पवनीचा घाट दिसू लागला. उजव्या काठावर. हे एकदम उठले. "सोनबा, पवनीले थांबू नको. मधातून काढ."

"काहून?" मी विचारलं.

"यमूचं माहेर आहे तिथं," हे म्हणाले. माझ्यासमोर पहिल्यांदा तिचं नाव निघालं. "लगन झाल्यावर तिले एकदाही माहेरी नेणं नाही झालं. म्हनलं होतं, एक डाव नावेनं नेईन. राहूनच गेलं."

म्हणजे हा प्रवास माझा नव्हताच. ठरलेला तिच्यासाठी, वाट तिच्या माहेरची. माझ्या अंगाची आग आग झाली.

"आन् मी कोन मंग? सामान?"

मीच ओरडले, "सोनबा, काढा मधातून."

सोनबा आणि त्याच्या हाताखाली आलेला त्याचा मेहुणा, दोघे जोर लावत होते. वारा नव्हता, धार सरळ होती. तरी बोट उजवीकडे वळत वळत घाटाकडेच निघाली, आणि इतकी कलली की केबिनमधली भांडी घसरली. साखरेचा डबा गडगडत माझ्या पायाशी आला. झाकण तसंच घट्ट. उघडून पाहिलं तर आतली साखर भिजून गोळा झालेली, मधोमध टाक. बाकीचा शिधा कोरडा होता.

माझं डोकंच फिरलं. टाक गळ्यात घातला आणि मोठ्याने म्हणाले, "चल बाई. तुझं माहेर, तुझा नवरा. उतर एकदाची."

फळी टाकून मी घाटावर उतरले. मागून सोनबाचा आवाज आला, "झाली सरळ."

आता बघा, मी डावीकडे बसलेली. मी उतरल्यावर बोट उजवीकडे आणखी कलायला हवी होती. लॉजिक तरी असंच सांगतं.

पायरीवर एक म्हातारी उभी होती, हातात भाकरी आणि पाण्याचा गडू. ती यमुनेची आई; हे मागून उतरले तेव्हा मला ते कळलं. तिने भाकरीचा तुकडा मोडला, माझ्यावरून ओवाळून टाकला, पायाशी पाणी ओतलं. मग दुसरा तुकडा मोडला आणि माझ्या उजव्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं तिथे, तसाच सावकाश ओवाळला. माझ्या कानाच्या उंचीवर. यमुना माझ्याहून बुटकी होती, हेही मला नंतर समजलं.

"आल्या वं दोघी," ती म्हणाली. "चाला घरी."

हे पायरीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

पत्र कुणी धाडलं नव्हतं. आम्ही येणार हे तुम्हाला कसं कळलं, असं मी तिला विचारलं.

"मले काय मालूम बाई? पाच दिस झाले, सकाळी उठलं का भाकर घेऊन घाटावर यावंसं वाटे."

दोन दिवस तिने आम्हाला ठेवून घेतलं. माझ्या डोक्याला तेल लावलं, नवं लुगडं टाकाला तिनेच दाखवलं. माझी आई मी रांगत असतानाच गेली. माझी वाट पाहत कुणी असं उभं राहिलेलं मला आठवत नाही. त्या बाबतीतही मला यमुनेचा हेवा वाटला, हे कबूल करते. निघताना म्हातारी म्हणाली, "दिवाळीले येजो वं, तुहं माहेर हाये हे." ती होती तोवर मी दर दिवाळीला गेले.

इंजिनियर झालेला माझा भाचा म्हणतो, आत्या, नदीच्या प्रवाहात असं होतं. होत असेल. पण भाकरीच्या दुसऱ्या तुकड्याचं काय, हे तो सांगत नाही. मलाही अजून सांगता आलेलं नाही.

पवनीपासून मार्कंड्यापर्यंत बोट अगदी सरळ गेली. उजव्या खुर्चीत मी बसले, ह्यांच्या शेजारी. घाट वळणाआड जाईपर्यंत हे मान मागे वळवून पाहत होते. तेव्हा मला राग आला नाही, असं लिहिणार होते... थोडा आला.