काकाचं डिस्चार्ज बुक

माझ्या काकाच्या अंत्यसंस्काराला सरकारकडून फुलांचं चक्र आलं, आणि ते पाहून माझ्या पोटात दुखलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी फार भला माणूस आहे असा पुढं कोणाचा गैरसमज व्हायला नको.

काका फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला. पोटी मूल नाही, म्हणून अग्नी मीच दिला. तापीच्या घाटावर खांद्यावर मडकं घेऊन मी फेऱ्या घालत होतो, आणि समोर गावातले सात-आठ म्हातारे फौजी डोक्यावर तिरप्या टोप्या, छातीवर मेडलं लावून ओळीत उभे होते. एकाला काठीशिवाय उभं राहवत नव्हतं, त्यानं काठी बाजूला टाकली. कोणीतरी ‘सावधान’ म्हणालं आणि सगळे हात एकदम कपाळाला गेले. सैनिक ऑफिसातून आलेल्या माणसानं झेंडूचं ते गोल चक्र काकाच्या पायाशी ठेवलं. वर रस्त्यावर ऑटोवालेसुद्धा गाड्या थांबवून बघत होते.

मडक्याचं पाणी पाठीवरून ओघळत होतं आणि मला बाप आठवत होता. बाप साथीच्या वर्षात गेला. तेव्हा घाटावर मी आणि नगरपालिकेची दोन माणसं. खांदा नाही, फूल नाही, तेरवीला पंगत नाही. आयुष्यभर कागदाच्या मिलमध्ये लगद्याच्या वाफेत उभा राहिलेला माणूस, पण मिलचा भोंगा पाळीसाठी वाजतो, माणसासाठी नाही. आणि हा सख्खा भाऊ, तोही आला नाही. तो तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला, लालबागेत, स्वतःच तापानं फणफणत पडला होता, हे मला माहीत होतं. पण माहीत असल्यानं राग कधी कमी झालाय?

तसा माझा हेवा जुना. काका सुट्टीवर यायचा तेव्हा बाप डबल पाळी करून आलेला असला तरी त्याला घ्यायला स्टेशनवर जायचा. येताना मावा जिलेबी घ्यायचा. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेला काकाचा नंबर बापाला तोंडपाठ होता, माझी इयत्ता मात्र दर वर्षी विचारावी लागायची. पाहुण्यांपुढं ‘हा माझा भाऊ, फौजेत आहे’ असं म्हणताना बापाचा आवाज जो चढायचा, तो माझ्यासाठी एकदाही चढला नाही. मी बी.कॉम. झालो तेव्हा म्हणाला, ‘चांगलं आहे.’ बस.

आमच्या घरात एक रीत होती. कागद म्हटला की तो मिलवाल्याकडं. बाप मिलमध्ये कागद बनवतो म्हणजे त्याला कागदातलं सगळं कळतं, असं साऱ्या खानदानाचं ठाम मत. बाप सातवी शिकलेला. तरी सातबारे, जन्माचे दाखले, लग्नाच्या याद्या, सगळं त्याच्या लोखंडी पेटीत. काकाचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, तेसुद्धा त्यातच. त्याला बापानं मिलचा जाड खाकी कागद घालून कव्हर केलं होतं. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यानं कधी कव्हर घातल्याचं मला आठवत नाही. बापाच्या मागं ती पेटी माझ्याकडं आली. बुधवारा मोहल्ल्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे कागदाचा धंदा पुढं चाललाच.

काकाच्या तेरवीनंतर काकी दुकानावर आली. माजी सैनिक गेला की त्याच्या क्रियाकर्मासाठी त्याच्या बायकोला सरकार काही मदत देतं. अर्जाला मुदत असते, आणि अर्जासोबत डिस्चार्ज बुक लागतं.

‘बेटा, मोठ्या दादांच्या पेटीत असेल ना ते?’ काकी म्हणाली. ‘हे नेहमी म्हणायचे, मेरा आखरी काम सरकार करेगी, तू कोणापुढं पदर पसरू नको. त्यांचा शब्द राह्यला पाहिजे, बाकी मला काही नाही लागत.’

‘बघतो,’ मी म्हणालो.

बघायचं काही नव्हतं. बुक कुठं आहे हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण मनात आलं, सलामी झाली, चक्र झालं, आता वर क्रियाकर्मसुद्धा सरकारी? आणि माझ्या बापाचं काय? बसू दे थोडी वाट बघत.

आठ दिवसांनी काकीनं विचारलं, मी म्हणालो, ‘पेटीत नाही दिसत.’ पुन्हा विचारलं, मी म्हणालो, ‘दिवाळीच्या साफसफाईत इकडंतिकडं झालं असेल.’ याच दिवसांत मी मोहल्ल्यातल्या पन्नास जणांचे अर्ज भरून दिले. पेन्शनचे, रेशनचे, एका बाईचा तर शेळीच्या विम्याचा. शेळीला मिळत होतं, काकीला नाही.

मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा काकी आली आणि गिऱ्हाइकांच्या मागं गुपचूप उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा म्हणाली, ‘ऑफिसवाले बोलले, बुक हरवलं असं लिहून द्या, मग पुढचं बघू. तू लिहून दे.’

मी कॉम्प्युटरवर टाइप करायला लागलो. ‘माझ्या पतीकडून सदर पुस्तक गहाळ झाले.’ हे मोठ्यानं वाचून दाखवलं तशी ती एकदम म्हणाली, ‘ना रे बेटा, त्यांच्याकडून नको लिहू. त्या माणसानं शर्टाचं बटन नाही हरवलं कधी. माझ्याकडून हरवलं असं लिही.’

स्वतःची मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. ‘थांब, एकदा पुन्हा बघतो,’ असं पुटपुटत मी दुकान तसंच टाकून घरी गेलो आणि बुक घेऊन आलो. ‘सापडलं,’ म्हणालो. काकीनं खाकी कव्हरावरून हात फिरवला. कुठं सापडलं, हे तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं सैनिक ऑफिसला गेलो. टेबलामागचा बाबू स्वतःही माजी फौजी होता. त्यानं बुक उलटंपालटं करून पाहिलं. ‘इतकं जपून ठेवलेलं बुक, आणि हरवलं म्हणत होता तुम्ही?’

काकी म्हणाली, ‘मिलवाल्यांकडं होतं, साहेब. मला म्हातारीलाच समजलं नाही.’

‘मिलवाले?’ बाबूनं चष्मा वर केला. ‘म्हणजे हवालदार साबचे मोठे भाऊ? जे बीमारीच्या साली गेले?’

माझा बाप याला कुठून माहीत, मला कळेना.

‘साब आले होते ना इथं,’ तो म्हणाला. ‘अंगात ताकद नव्हती, काठी टेकत आले. हाच फॉर्म भरलेला, पण भाईसाहबच्या नावानं. मी म्हटलं, साब, ये तो फौजी के लिए है. तर म्हणाले, मी फौजेत होतो तेव्हा माझं घर, माझी आई, माझी बायको कोणी सांभाळली? ती ड्यूटी नव्हती का? मी म्हटलं, नियमात बसत नाही. मग म्हणाले, पैसा नको, फुलांचं चक्र तरी पाठवा. त्याच्या फोटोपुढं ठेवीन. तेही नियमात नव्हतं. दोन-तीन वेळा आले हो.’

काकी खिडकीबाहेर बघत होती. तिला हे माहीत होतं, आणि तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

बाबूनं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. मी भरायला घेतला. असे फॉर्म मी रोज भरतो, हात आपोआप चालतो. त्या दिवशी काकीचं नाव लिहितानासुद्धा दोनदा खोडावं लागलं.

काकीला मदत मिळाली. काकाचा शब्द राहिला. माझा हेवा मात्र अजून आहे, आधीपेक्षा जास्त आहे. फुलांच्या चक्राचा नाही, सलामीचाही नाही. साऱ्या बुधवाऱ्याचे अर्ज लिहिणारा मी, पण माझ्या बापासाठी सरकारच्या दारात अर्ज घेऊन एकच माणूस उभा राहिला, आणि तो मी नव्हतो.