दोन आण्यांची गाडी

माझे थोरले चुलते, तात्या, जगातली कुठलीही गोष्ट आण्यांत सांगायचे. पाऊस 'आठ आणं' झालेला असायचा, ताप 'चार आणं' उतरलेला असायचा आणि भावकीतला नवा जावई 'बारा आणं बरा' असायचा. उरलेले चार आणे कुठे कमी पडले, हे मात्र ते कधी फोडून सांगत नसत. आणे चलनातून जाऊन जमाना झाला; पण आष्ट्याच्या आमच्या भावकीच्या विहिरीत तात्यांचा हिस्सा दोन आणे, म्हणजे आठातला एक होता. विहीर आण्यांत आहे तोवर आपण आण्यांत बोलणार, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

तात्यांची सारी नोकरी फौजेत, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये झाली. परत आल्यावर त्यांनी ऊस केला, पोरगा पुण्याला धाडला, पोरींची लग्नं केली आणि सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस जाहीर केलं, की आपल्याला आता शर्यतीची गाडी बांधायची आहे. खरी नव्हे, तिची हुबेहूब लहान प्रतिकृती. खोक्यातून सुटे भाग येतात, इंजिनापासून आरशापर्यंत, आणि ते आपण घरी बसून जोडायचे. भाच्याच्या मोबाइलवर त्यांनी कुणालातरी अशी गाडी जोडताना पाहिलं आणि झालं, डोक्यात भुंगा शिरला.

अशा गाड्या मापावर मिळतात. खऱ्या गाडीचा चोविसावा भाग, बारावा भाग, आठवा भाग. तात्यांनी तिथल्या तिथे रूपांतर केलं. चोविसावा म्हणजे आठ पै, "ती खेळण्यातली". बारावा म्हणजे सव्वा आण्याच्या जरा वर, "ती बी नगं". आठवा म्हणजे दोन आणे. "आपल्या हिरीएवढी. हिला हात घालाय येतो." हे ठरवून ते सांगलीत आले आणि मला न विचारता थेट एका खेळण्यांच्या दुकानात शिरले. "दोन आण्याची रेसची गाडी दावा," म्हणाले. दुकानदाराने त्यांना नखशिखांत पाहिलं. "आजोबा, दोन आण्यात आता गाडीचं चाकबी येत न्हाई," असं म्हणून त्या भल्या माणसाने पदरचं एक चॉकलेट त्यांच्या हातावर ठेवलं. तात्या तसेच माझ्या घरी आले. चॉकलेट माझ्या लेकीला दिलं आणि मला म्हणाले, "सांगलीत अपूर्णांक शिकवत न्हाईत व्हय गं?" मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवते. अपूर्णांकांचा दोष माझ्याकडे कसा आला ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी आष्ट्याच्या बसने तात्या आणि काकी माझ्याकडे यायचे. काकीला बाजार असायचा. तात्या माझ्या संगणकासमोरच्या खुर्चीत बसायचे आणि मी एकेक गाडी पडद्यावर काढायची. तात्या चष्मा कपाळावर चढवून जवळून बघायचे, बोटाने चाकं, एक्झॉस्ट, सुकाणू तपासायचे आणि म्हणायचे, "फुडं."

कारण प्रत्येक वेळी नवं. एकीचं इंजिन झाकलेलं होतं, "मग बांधून बघायचं काय, डबा?" एकीचा रंग छापूनच आला होता. एक फार देखणी लाल गाडी मला वाटलं आता पक्की होणार, पण तिच्या अंगावर सिगारेटची मोठी जाहिरात होती. काकीने त्यांची तंबाखू सोडवली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "ही घरात घ्यून गेलो तर तुझी काकी गाडीसकट मला उंबऱ्याभायेर ठेवंल," असं म्हणत त्यांनी ती लाल गाडी फार जड मनाने सोडली. असं करता करता दोन वर्षं गेली. माझा नवरा तर त्यांना बसस्टँडवर आणायला जाताना मला विचारायचा, "आज कुठली नापास करायची आहे?"

एकदा मीच वैतागले. म्हटलं, "तात्या, एवढा वेळ तर आम्ही घर घेताना लावला नाही."

तात्या अजिबात चिडले नाहीत. "पोरी, फौजेत कुठं जायाचं ते कागद सांगायचा. जमीन वाटणीत आली तशी घेतली. लगीन दादानं ठरवलं. आयुष्यात पैल्यांदा म्या काय तरी निवडतोय. घाई कशाला?"

काकी भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती. "म्हंजी मला बी न्हाई निवडलं?"

"दादानं निवडलं," तात्या म्हणाले, "पर सोळा आणं निवडलं."

काकी लाजली, आणि लाजलेलं दिसू नये म्हणून मेथी निवडायला बसली. मला त्या दिवशी दोघं फार आवडली.

पण घाई होती. ती तात्यांना सोडून सगळ्यांना दिसत होती आणि खरं तर तात्यांनाही. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी बशीत चहा सांडायचा, मग शर्टाची बटणं काकी लावायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, की गोळ्यांनी थोडं थांबेल, पण हळूहळू वाढत जाणार. बसमधून उतरताना तात्या तो हात खिशात घालून ठेवायचे. गाडी बांधायची तर एकच बांधून होणार होती आणि तीही आता नाही बांधली तर कधीच नाही. गुरुवारी "फुडं" ऐकलं की माझी नजर त्या खिशाकडे जायची.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती काकीच्या लक्षात आली. त्या गुरुवारी बाजार लवकर उरकून ती आमच्यामागे येऊन बसली. पडद्यावर एकामागून एक लांबट, चपट्या गाड्या जात होत्या. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "आवं, ह्या समद्या एकाच्याच हायत. मला कुठं बसवताय?"

मी हसले. तात्या हसले नाहीत. काकी पुढे म्हणाली, "आणि मघा ती एक गेली ती पुन्ना काढ गं. हिरवी. तितं ह्यांचं बोट थांबलं हुतं."

मी मागे गेले. फार जुन्या काळची उघडी गाडी होती ती. लांब नाकाची, तारांच्या चाकांची, आणि चालकाच्या शेजारी आणखी एक जागा असलेली. मला आठवलं, ही मी आधीही दाखवली होती, तीनचार वेळा तरी, आणि दरवेळी "फुडं" जरा उशिरा आलं होतं.

मग तात्यांनी सांगितलं. दक्षिणेत बदली असताना एका जुन्या विमानतळावर शर्यती व्हायच्या. बंदोबस्ताला तात्या दोराजवळ उभे होते. त्या दिवशी कुणा हौशी माणसाने अशी एक जुनी गाडी नुसती फिरवायला आणली होती. "म्या इचारलं, दुसरी सीट कुणाची? तर म्हनला, मिस्त्रीची. पैलं शर्यतीत मिस्त्री शेजारी बसायचा. गाडी बिघडली तर त्यानंच उतरायचं." तात्या थांबले. "जल्मभर गाड्या नीट केल्या पोरी, पर मिस्त्रीला सीट असल्याली गाडी तेवढी एकच बघितली."

"मग नको का म्हणता?"

त्यांनी खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. तो आपला आपण हलत होता. "ह्या चाकांच्या तारा सुट्ट्या येत्यात. सुईएवढ्या. एकेक ववायची. कोण ववणार?"

काकीने पडद्याजवळ तोंड नेऊन ते चाक निरखलं. आमच्या सगळ्यांच्या दारांवर तिने केलेली मण्यांची तोरणं आहेत. ती सहज म्हणाली, "ह्यात काय हाय? मी ववती की."

त्या संध्याकाळी गाडी मागवली.

खोकं आलं ते माझ्याच पत्त्यावर. आम्ही ते आष्ट्याला नेलं, तर काकीने त्याला हळदकुंकू लावलं. सोप्यातल्या टेबलावर पांढरं धोतर अंथरून भाग मांडले गेले. तात्या खुर्चीत बसून सांगायचे आणि काकी करायची. पहिलं चाक तिने तोरणासारखं ओढून ओढून पक्कं विणलं आणि ते पापडासारखं वाकडं झालं. तात्या ओरडले, "अगं, चाक हाय ते, तोरान न्हवं! ताण समद्या तारास्नी सारका पायजे. एक लय ओढली की दुसरी रुसती." काकी म्हणाली, "मग संसारात का न्हाई कळलं ह्ये?" दोन दिवस अबोला होता म्हणे. तिसऱ्या दिवशी तिने चाक पूर्ण उसवलं आणि पुन्हा विणलं. तात्यांनी ते बोटावर धरून फिरवलं. ते सरळ फिरलं. त्या दिवसापासून तात्या तिला नावाने हाक मारायचे बंद झाले. फोनवर सांगायचे, "तुझी काकी न्हाई, आमचं मिस्त्री देवळात गेल्यात."

इंजिन बसलं, चाकं बसली, दोन्ही बैठका बसल्या. वरचं सगळं अंग तेवढं कोऱ्या करड्या प्लॅस्टिकचं होतं, ते रंगवून चढवायचं होतं. मी म्हटलं, हिरवा आणते, चित्रातल्यासारखा. तात्यांनी मान हलवली. हात तेव्हा दोन्ही थरथरायला लागले होते आणि बोलणंही बारीक झालं होतं. "रंग ती निवडंल," ते म्हणाले. "तिला तरी कुणी कवा काय निवडू दिलंय?"

काकीने एक करडा भाग उचलून उजेडात धरून पाहिला. मला वाटतं, एवढ्या वर्षांत त्यांनी तिला दिलेली सगळ्यात मोठी वस्तू ही होती, आणि तिलाही ते कळलं होतं.

उसाच्या तोडी चालू असताना तात्या गेले. झोपेतच गेले, शांतपणे. दिवस झाल्यावर पुण्याचा लेक परत निघाला. करडी गाडी बघून त्याला भरून आलं. तो म्हणाला, "आई, मी घेऊन जातो, चांगल्या माणसाकडून हिरवी करून आणतो. तात्यांची आठवण पूर्ण तरी होईल."

काकीने गाडीवरची धूळ पदराने पुसली. "दोन आण्याची गाडी हाय बाबा," ती म्हणाली. "त्यातला एक आणा त्यांचा. त्यो झाला. एक आणा माझा ऱ्हायलाय."

आता गुरुवारी काकी एकटीच येते. बाजार करते आणि मग तात्यांच्या खुर्चीत बसते. मी शाळेतल्या रंगांचे तक्ते तिच्यापुढे एकेक धरते. ती डोळे बारीक करून बघते, बोट फिरवते आणि म्हणते, "फुडं." मी घाई करत नाही. परवा एका पिवळ्यावर, आमच्या सांगलीच्या हळदीसारख्या जर्द पिवळ्यावर, तिचं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मग ती म्हणाली, "फुडं."

मी पुढचा तक्ता काढला.