माझं भाषण पुराव्यात लागलं

ज्या मशीनमधून तुरीचा एक दाणासुद्धा भरडून निघताना मी पाहिला नव्हता, तिचं मी जनवाड्यात माइकवरून मनसोक्त कौतुक केलं. पुढं जे काही झालं त्याची सुरुवात ही अशी माझ्या तोंडातून झाली.

मी बीदरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. पण नातेवाइकांत मला ओळखतात ते माइकवाला म्हणून. बारसं असो, निरोप समारंभ असो, नाहीतर कुणाच्या बोअरला पाणी लागलेलं असो, दोन शब्द बोलायला मी. माझे दोन शब्द कधी दोन राहिले नाहीत, हा भाग वेगळा.

बायकोची धाकटी बहीण जनवाड्याला दिलेली. तिच्या हातची डाळ गावात नावाजलेली. शेजारपाजारच्या बायका आपापल्या घरची तूर तिच्याकडंच आणून टाकायच्या. जात्यावर हात भरून यायला लागले, तेव्हा तिनं बचत गटातून कर्ज काढून डाळीची छोटी मशीन घ्यायचं ठरवलं. गुलबर्ग्याच्या एका दुकानदारानं नवीकोरी म्हणून मशीन दिली, स्वतः टेम्पोबरोबर येऊन बसवूनही दिली. हिरवागार रंग, पोपट लाजावा असा.

मुहूर्त सकाळचा निघाला आणि थ्री-फेज करंट दुपारी येणार होता. बायको हळूच म्हणाली, "अवो, एकदा चालवून तर बघू द्या. मग करा म्हणं भाषण."

"मुहूर्त टळतो," मी म्हणालो, आणि माइक हातात घेतला.

आपल्याकडं विकणाऱ्याचाही सत्कार करायची पद्धत आहे. त्याला शाल दिली, हार घातला, फेटा बांधला. मग मी सुटलो. मशीन स्वतः नीट पारखून घेतली आहे म्हणालो. अशी मशीन सात तालुक्यांत नाही म्हणालो. मेहुणीला उद्योगपती केलं, तिची डाळ हैदराबादेपर्यंत पोचवली. एवढ्यावर थांबलो असतो, पण नियमाप्रमाणं दुकानदारालाही ओढून माइकपुढं उभं केलं. तो नको नको म्हणत होता. शेवटी फेटा सावरत म्हणाला, "कंपनी की नवी मशीन है. पेटी मेरे सामने खुली. दो साल में कुच बी हुआ तो मेरेकू पकडो." टाळ्या झाल्या. पेढे वाटले. दुपारी करंट यायच्या आत तो जेवून गुलबर्ग्याला निघूनही गेला.

करंट आला. तेल-पाणी लावून वाळवलेली पहिली तूर आत गेली आणि बाहेर आली ती डाळ नव्हतीच. अर्धी चुरी, अर्धं पीठ. दगड बदलून पाहिला, पट्टा आवळला, दुकानदाराचा माणूस येऊन हातोडी मारून गेला. पीठच. ज्या बायकांची तूर वाया गेली, त्यांना मेहुणीनं आपल्या घरातली वर्षाची डाळ मोजून दिली. पण गावातली तूर हळूहळू दुसरीकडं जायला लागली, आणि हात वाचवायला घेतलेल्या मशीनशेजारी ती परत जात्यावर बसली.

एक दिवस तिचा फोन आला. "दाजी, या जरा. तुमची पोपटीण रंग टाकायलीय."

मोटारीजवळ तापून रंगाला पोपडे आले होते. तिनं उलथन्यानं खरवडलं होतं. हिरव्याखाली निळा रंग, आणि निळ्यावर तेलरंगानं काढलेलं जुनं स्वस्तिक. आम्ही पूजेला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक वेगळंच, वरच्या बाजूला. हे दुसऱ्याच कुणीतरी, कधीतरी, आपल्या दारात नारळ फोडताना काढलेलं.

"ही आधी कुणाच्या तरी घरी नांदून आलीय, दाजी," मेहुणी म्हणाली. हसत म्हणाली, पण पदर डोळ्याला लावला.

आम्ही गुलबर्ग्याला गेलो. वाटेत हुमनाबादला बस बदलताना मी दुकानदाराला काय काय सुनवायचं त्याची तयारी केली. दुकानात त्यानं चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "जुनी है बोलकेच दिया ना मैं. तुमेच देखको लिए." पावतीवर नुसतं 'डाळ मशीन, एक नग'. नवी नाही, जुनी नाही. माझी तयारी चहाबरोबर पोटात गेली.

बीदरच्या एका वकीलबाईंकडं गेलो. त्या कन्नड घरच्या, पण मराठी फर्डी. नोटीस गेली, उत्तर आलं नाही, मग ग्राहक मंचात तक्रार दाखल झाली. तेव्हा कुठं समोरून लेखी उत्तर आलं, आणि बरोबर एक व्हिडिओ. बाईंनी मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यात मी होतो. दुकानदारानं माझ्या भाषणातला तुकडा कापून आपल्या दुकानाची जाहिरात म्हणून सगळीकडं फिरवला होता, आणि आता तोच मंचापुढं ठेवला होता.

"अण्णा," बाई म्हणाल्या, "तुम्ही मशीन पारखून घेतली म्हणता. आणि ताईंना उद्योगपती म्हणता. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार इथं चालत नाही. स्वतः राबून पोट भरायला घेतली असेल तरच चालते. त्यांचं म्हणणं आहे, उद्योगपतीनं दिवाणी कोर्टात जावं."

"मग आता?"

"आता तुम्ही आमच्या बाजूनं बोलू नका. एवढी मदत करा."

त्या रात्री मी ताटात भाकरीचे तुकडेच करत बसलो. मेहुणीचं भांडण तिच्या विरोधकापेक्षा मीच जास्त अवघड केलं होतं. बायकोनं माझ्या ताटाकडं पाहिलं, उठली, आपला मोबाईल घेऊन आली.

"कामून तोंड पाडलाव? माझ्याकडं सगळं हाय."

"काय सगळं?"

"तुमचं भाषण. दरवेळी घेत असते मी. किती लांबवता ते एकदा तुम्हालाच दाखवायचं होतं."

तिनं शेवटपर्यंत बंद केलं नव्हतं. पेढ्याचं ताट घ्यायला मोबाईल तसाच खिडकीत टेकवलेला, त्यामुळं शेवटी पडद्यावर नुसते छताचे पत्रे दिसतात. पण आवाज स्वच्छ. मीच माइकपुढं ओढून आणलेला तो दुकानदार म्हणतोय, कंपनी की नवी मशीन, पेटी मेरे सामने खुली. जुनी असं सांगून विकणारा माणूस असं कशाला बोलेल?

बायकोनं मोबाईल आपला आहे आणि चित्रण आपलंच आहे असं प्रतिज्ञापत्र दिलं. सहीच्या वेळी तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पंख्याकडं पाहिलं.

सुनावणीला माझं भाषण पुन्हा सगळं लागलं. स्वतःचा आवाज इतका वेळ ऐकायची शिक्षा मी कुणालाही देणार नाही. अध्यक्षांनी मेहुणीला कन्नडमध्ये विचारलं, मशीन कोण चालवतं? कामाला माणसं किती? मी उठायला लागलो. वकीलबाईंनी नुसता हात खाली केला, मी बसलो.

"मीच चालवते, साहेब. दुसरं कोण हाय?" तिनं तळहात पुढं केले. जात्याचे घट्टे.

समोरचे वकील म्हणाले, "पण तुमचे दाजीच उद्योगपती म्हणतात."

"त्यांचं काय घेऊन बसलाव," ती म्हणाली. "माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला त्यांनी हिमालय म्हटलंय. तो अजून जनवाड्यातच हाय."

मंचावरचे सगळे हसले. समोरचे वकीलही हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात दुकानदार एकटाच बाकावर बसला होता. मेहुणीनं डबा उघडला होता, तिनं त्याच्याही हातावर भाकरी ठेवली. तो खाली मान घालून खाऊ लागला. मग हळूच सांगू लागला. ही मशीन ज्यानं आधी उधारीवर नेली होती त्याचा धंदा बसला, त्यानं ती परत आणून टाकली, वर्षभर दुकानात पडून होती. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी त्याला धीराचे चार शब्द बोलणार, तेवढ्यात मेहुणी म्हणाली, "भाऊ, जुनी म्हणून सांगितली असती तरी मी घेतली असती. दुरुस्त करून चालवली असती. तुमचं अडलं होतं, माझंही अडलं होतं. रंग कामून मारलात?"

त्यानं भाकरी संपवली, हात धुतले आणि आत जाऊन आपल्या वकिलाशी बोलला.

शेवटी निकालाआधीच तडजोड झाली, आणि मंचानं ती लिहून घेतली. जुनी मशीन तो घेऊन जाईल, बंद पेटीतली नवी देईल, वाया गेलेल्या तुरीची भरपाई करील. पुढच्या सुगीच्या तोंडावर पेटी जनवाड्यात उतरली आणि गावकऱ्यांसमोर मेहुणीनं स्वतः पहार लावून उघडली. या वेळी मशीन राखाडी होती. ज्या बायका तूर दुसरीकडं नेत होत्या, त्यातल्या काही आपलं पोतं घेऊन आल्या होत्या आणि भिंतीला टेकून, अजून पोत्याचं तोंड न सोडता, बघत उभ्या होत्या. साडूनं हार आणला, नारळ आणला, आणि सवयीनं कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता. मी घसा साफ केला.

बायकोनं माइक माझ्या हातातून काढून खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "मुहूर्त टळू द्या. आधी तूर घाला, डाळ पडू द्या, मग तोंड उघडा."